झाडाला त्याचा हिवाळा द्या

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात 'बृहन्महाराष्ट्रातील मराठी' ह्या विषयावर व्याख्यान झाले. पाहुणे वक्ते विद्वान होते आणि त्यांची वाणी ओघवती होती. त्यांनी आपणा सर्वांची एका शब्दात वासलात लावली. महाराष्ट्राबाहेरची मराठी म्हणजे बोन्साय, असे ते म्हणाले. जिवंत आहे, हिरवीही आहे, पण खुंटलेली आहे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या, संमेलनात टाळ्या वाजवताना विचार करण्याची प्रथा नाही. मग पाहुण्यांचा सत्कार झाला. पुष्पगुच्छ चार दिवसांत कोमेजतात, सबब काहीतरी टिकाऊ द्यावे, असा कार्यकारिणीचा ठराव होता. त्या ठरावाबरहुकूम शाल, श्रीफळ आणि जुनिपरचे एक देखणे बोन्साय पाहुण्यांच्या हाती देण्यात आले. दिवस जानेवारीचे होते.

होळीच्या सुमारास त्यांचा दूरध्वनी आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते जरा संकोचाने म्हणाले, "तुमचं ते झाड गेलं हो. थंडी लागू नये म्हणून आम्ही ते दिवाणखान्यात ठेवलं होतं. पाणीही रोज न चुकता घालत होतो."

ह्या तीन वाक्यांसाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. झाड का गेले, ह्याचे उत्तर त्या वाक्यांतच आहे. ते दिवाणखान्यात ठेवले म्हणून गेले. त्याला थंडी लागू दिली नाही म्हणून गेले. आणि पाणी न चुकता घातले म्हणून गेले. ही चूक एकट्या पाहुण्यांची असती, तर पत्रिकेची पाने अडवण्याचे कारण नव्हते. परंतु ती आमच्या मंडळाची आहे, रोपवाटिकेत 'साहब, अंदर रख लीजिए, कुछ नहीं होगा' असे छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्याची आहे, आणि सर्वांत आधी ती आमची स्वतःची आहे. तो कबुलीजबाब पुढे यथाक्रम देऊच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोन्साय ही झाडाची वेगळी जात नव्हे. खुजे बी, खुजे रोप असा काही प्रकार नसतो. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साय' म्हणजे लावणे. पात्रात लावलेले झाड, इतकाच त्याचा अर्थ. ज्या वडाच्या सावलीत पंचायत भरते तोच वड, आणि ज्या पाइनची रांग डोंगरउतारावर उभी असते तोच पाइन, उथळ कुंडीत, मुळांची आणि फांद्यांची वेळोवेळी छाटणी करून वाढवला की बोन्साय होतो. आकार लहान झाला तरी प्रकृती बदलत नाही. डोंगरावरच्या झाडाला जे ऊन, जो वारा, जी थंडी लागते, तेच सर्व कुंडीतल्या झाडालाही लागते. आपण मात्र त्याचा आकार पाहतो आणि त्याला शोभेच्या वस्तूंत जमा करतो. पितळी हत्ती, चिनी मातीची बाहुली आणि त्याशेजारी जुनिपर!

ज्या देशाने ही कला चीनकडून घेतली आणि कळसास नेली, त्या जपानची रीत पाहा. १९२३ च्या महाभूकंपात तोक्यो शहराची वाताहत झाली. त्यानंतर तेथील बोन्साय जोपासणाऱ्या काही माळ्यांनी शहर सोडले आणि १९२५ पासून साइतामा प्रांतातील ओमिया येथे आपली वसाहत केली. ती आजही बोन्सायचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. ते तेथे गेले ते मोकळी जागा, चांगली माती, स्वच्छ पाणी आणि शुद्ध हवा ह्यांच्या शोधात. मोठे दिवाणखाने हवेत म्हणून कोणी गेले नाही. जपानी घरात 'तोकोनोमा' नावाचा एक कोनाडा असतो. पाहुणे यायचे असले किंवा सणवार असला की तेथे बोन्साय मांडतात. परंतु ते थोड्या वेळापुरते, फार तर चार दिवसांपुरते. मग झाड पुन्हा अंगणात, आपल्या मांडणीवर जाते. घरात ते पाहुणे असते.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत जोपासला गेला आहे, अशी त्याची नोंद आहे. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने १९७६ मध्ये तो अमेरिकेस भेट दिला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला, तेव्हा हे झाड स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकींच्या रोपवाटिकेत एका भिंतीच्या आडोशाला होते, आणि ते वाचले. देणाऱ्याने भेट देताना ह्या गोष्टीचा गवगवा केला नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू झाड पाहण्यास गेले, तेव्हा ती तेथील लोकांना कळली. चार शतकांचे हिवाळे त्या झाडाने पाहिले, अणुबॉम्ब पाहिला. आमचे जुनिपर मात्र टीव्हीशेजारी दोन महिने तगले नाही. ह्यात झाडाचा दुबळेपणा पाहावा की आमच्या मायेचा पराक्रम, हे वाचकांनी ठरवावे.

आता थंडी झाडाचे काय करते ते पाहू. पाइन, जुनिपर, मेपल, एल्म, सफरचंद ही थंड ऋतूच्या प्रदेशातील झाडे. शरदात दिवस लहान होऊ लागले की ती सावध होतात. वाढ थांबते. पानझडी झाडे पाने टाकतात. सूचिपर्णी झाडे पाने ठेवतात, पण व्यवहार आवरता घेतात. पेशींत साखर साठते, पेशींतले काही पाणी बाहेरच्या पोकळ्यांत येते. बर्फ झालाच तर तो पेशीच्या आत न होता बाहेर व्हावा, अशी ही तजवीज असते. मग झाड झोपते. ही झोप ऐच्छिक नसते. हिमाचलातील सफरचंदाच्या बागाईतदाराला विचारा. तो सात अंशांखालच्या थंडीचे तास मोजतो. तेथील जुन्या जातींना अशा थंडीचे हजाराहून अधिक तास लागतात. ते भरले नाहीत तर वसंतात कळ्या धड फुटत नाहीत आणि बहर फसतो. थंडी ही ह्या झाडांची रात्र आहे. जो माणूस त्यांना हिवाळाभर उबदार खोलीत, दिव्याच्या उजेडात ठेवतो, तो त्यांना महिनोन्महिने जागे ठेवतो.

बरे, जागे ठेवून त्यांना खाऊ तरी काय घालतो? झाडाचे अन्न म्हणजे प्रकाश. आपला डोळा फसवा आहे. खिडकीजवळची खोली त्याला लख्ख वाटते. भर उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो, तर चांगल्या उजेडाच्या खोलीतही तो बहुधा काहीशे लक्सच असतो. म्हणजे आपण झाडाला झोपू देत नाही, जेवू देत नाही, आणि पाणी मात्र आग्रह करकरून पाजतो. अन्न तयार होत नसताना मुळांना पाणी ओढण्याचे कारण उरत नाही. माती चिंब राहते, तिच्यातली हवा जाते आणि मुळे कुजतात. वर हीटर चालू असेल तर कोरडी हवा पानांतला ओलावा शोषत राहते. खाली बुडणे आणि वर वाळणे, अशा दोन मरणांत ते झाड एकाच वेळी सापडते.

आता कबुलीजबाब. आम्ही महसूल खात्यात होतो. २०११ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातील अनेक जिल्ह्यांत पाला पडून रब्बीचे फार मोठे नुकसान झाले. महाराष्ट्रातील वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे की, हा पाला हिंदीतला. मराठीतला पाला म्हणजे पाने. हिंदीतला पाला म्हणजे गोठलेले दहिवर. त्या महिन्यात हिंदीतल्या पाल्याने मराठीतला पाला जाळला, असे आम्ही तेव्हा खिन्नपणे म्हणत असू. राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ६-४ ह्या कलमानुसार पाला ही नैसर्गिक आपत्ती धरली जाते. आम्ही पटवाऱ्यांना बरोबर घेऊन शेतोशेती हिंडत होतो, आणि वाटाणा, हरभरा, तूर ह्यांच्या काळवंडलेल्या पिकांचे पंचनामे करत होतो.

त्याच आठवड्यात आमच्या ग्वाल्हेरच्या गच्चीवर, उघड्या आकाशाखाली, आमचा वड उभा होता. एका जुन्या भिंतीच्या फटीतून काढलेले त्याचे बोटभर रोप आम्ही नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत लावले होते. घरी परतलो तेव्हा त्याची सारी पाने शिजवल्यासारखी काळी पडून लोंबत होती. शेजाऱ्यांनी सांगितले, फेकून द्या. माळ्याने सांगितले, 'गमला धोकर रख लीजिए'. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत हिरवे होते. "फाल्गुन सरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही," एवढे बोलून त्यांनी कुंडी पडवीत भिंतीशी सरकवली. ना खत घातले, ना छाटणी केली, ना पाण्याचा मारा केला. माती बोटाने पाहावी आणि कोरडी लागली तरच सकाळी पाणी द्यावे. चैत्रात त्या वडाला लाल कोंब फुटले. तो आजही आहे.

ह्या प्रसंगातून आम्ही धडा घेतला, आणि चुकीचा घेतला. थंडी म्हणजे शत्रू, अशी आमच्या मनाने खूणगाठ बांधली. २०१३ च्या ऑक्टोबरात आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आजारपणात आपले जुनिपर आमच्या स्वाधीन केले. वीस-बावीस वर्षे त्यांनी ते सांभाळले होते. निवृत्तीनंतर त्यांच्या दिवसाची सुरुवात त्या झाडापासून होई. देताना त्यांनी एकच सांगितले, "साहेब, ह्याचे लाड करू नका. हे बाहेरचं आहे, बाहेरच राहू द्या." दिवाळीनंतर ते गेले. डिसेंबरात थंडी वाढली, वडाची काळी पाने आमच्या डोळ्यांपुढे आली, आणि मित्राच्या ठेव्याला काही होऊ नये म्हणून आम्ही ते झाड उचलून आतल्या खोलीत आणले. खिडक्या बंद केल्या. संध्याकाळी हीटर लावत असू. रोज पाणी घालत असू. झाड हिरवेगार दिसत होते, आणि आम्ही आपल्या दक्षतेवर खूश होतो.

जुनिपरचा एक स्वभाव तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवे दिसते. पानांचा रंग जातो तो शेवटी. मार्चमध्ये ते तपकिरी झाले, तेव्हा आम्ही उन्हाळ्याला दोष दिला. पुढे अभ्यास केल्यावर उमजले की ते बहुधा जानेवारीतच गेले होते, आणि त्यानंतर आम्ही निदान महिनाभर एका मृत झाडाला भक्तिभावाने पाणी घालत होतो. मित्राने जे एकच वाक्य सांगितले होते, तेवढेच आम्ही पाळले नाही. त्यांच्या घरी जाणे आम्ही पुढे बरेच दिवस टाळले. कोणी झाडाची चौकशी करू नये, एवढीच त्यामागची भीती.

तेव्हा आमचा मुद्दा असा. वड आणि जुनिपर ह्यांना एकच नियम लावणारा माणूस दोघांपैकी एकाला मारणारच. वड, पिंपळ, उंबर, चिंच, जेड ही उष्ण प्रदेशाची प्रजा. दहा अंशांखाली त्यांची वाढ थबकते आणि पाल्याच्या रात्री त्यांना इजा होते. त्यांना आडोसा हवाच. जुनिपर, पाइन, मेपल, एल्म ही थंड प्रदेशाची प्रजा. त्यांना थंडी हवीच. बाजारात ह्या दोन्ही जमाती एकाच फळीवर, एकाच चिठ्ठीखाली विकल्या जातात. चिठ्ठीवर झाडाचे नाव नसते. 'बोन्साय' एवढेच असते आणि खाली किंमत असते.

ह्यावर कोणी म्हणेल, ग्वाल्हेर म्हणजे काही हिमाचल नव्हे. येथे थंडीचे इतके स्तोम कशाला? नेमके हेच आम्हाला म्हणायचे आहे. ग्वाल्हेरचा खरा हिवाळा जेमतेम दोन महिन्यांचा, मार्गशीर्ष-पौषाचा. जुनिपरच्या हक्काची थंडी आमच्या शहरात मुळातच तुटपुंजी आहे. त्यानंतर उन्हाळ्यात त्याला लू सोसायची आहे. ते दोन महिनेही आपण हिरावून घेतले, तर त्याने वर्ष कशाच्या बळावर काढावे?

कोणी म्हणेल, पण पाल्याच्या रात्री बाहेर ठेवले तर गोठणार नाही का? त्यासाठी पाला कसा पडतो हे समजून घ्यावे. पश्चिमेकडून आलेले ढग सरले, आकाश निरभ्र झाले आणि वारा पडला, की रात्री पृथ्वी आपली ऊब उघड्या आकाशाकडे सोडत राहते. पाने तर हवेहूनही गार होतात. म्हणून वर्तमानपत्रात किमान तापमान तीन अंश छापलेले असते आणि तरीही शेतात पांढरे दहिवर गोठलेले आढळते. ह्याचा व्यावहारिक अर्थ फार सोपा आहे. झाडाला आकाश दिसता कामा नये. पडवीचे छप्पर, छज्जा, मोठ्या झाडाची सावली, नुसती चार काठ्यांवर ताणलेली जुनी चादर, एवढ्याने बहुतेक रात्री निभावतात. चादर पानांना टेकू नये आणि सकाळी ऊन आले की काढावी. प्लास्टिक तर पानांवर मुळीच टेकवू नये.

दुसरी गोष्ट मुळांची. झाडाच्या फांद्या जितकी थंडी सोसतात, तितकी मुळे सोसत नाहीत. जमिनीत त्यांना त्याची गरजही पडत नाही, कारण मातीच्या पोटात ऊब असते. उथळ कुंडीला मात्र थंडी सहा बाजूंनी भिडते. म्हणून हिवाळ्यात कुंडी उंच मांडणीवरून खाली घ्यावी, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी ठेवावी, आणि काठापर्यंत वाळूत किंवा वाफ्याच्या मातीत पुरावी. वर पेंढा किंवा गव्हाचा भुसा पसरावा, भोवती गोणपाट गुंडाळावे. पांघरूण मुळांना द्यायचे. शेंडा थंडीत राहू द्यायचा. शेतकरी पाल्याच्या लक्षणांवरून रात्रीपूर्वी पिकाला हलके पाणी देतो, कारण ओली माती ऊब धरून ठेवते. कुंडीच्या बाबतीतही माती ठार कोरडी नसावी, पण चिखलही नसावा. पाणी सकाळी, ऊन चढल्यावर, बोटाने माती पाहून. आश्विनानंतर नत्राचे खत बंद, नाहीतर ऐन थंडीत कोवळी पालवी फुटते आणि ती पहिल्याच रात्री जळते.

ही सारी विद्या जपानहून आणावी लागते असेही नाही. आमच्या आजीच्या अंगणात तुळस होती. पौषात रात्री ती वृंदावनावर एक जुने लुगडे पांघरत असे आणि सकाळी पूजेच्या वेळी काढत असे. तुळशीला कडाक्याची थंडी सोसत नाही हे तिला ठाऊक होते. परंतु म्हणून तिने वृंदावन उचलून माजघरात आणले नाही. झाडाचे घर अंगण, हे तिला कोणी शिकवले नव्हते. रात्री आकाश झाकणे आणि दिवसा ऊन देणे, हे वर सांगितलेले शास्त्र त्या जुन्या लुगड्यात पुरतेपणी होते. आम्ही पदवीधर झालो, अंगणाची गच्ची झाली, गच्चीचा दिवाणखाना झाला, आणि आजीला जे कळत होते ते आम्हाला पुस्तकांतून पुन्हा शिकावे लागले.

एक आक्षेप उरतो, आणि तो आमचे साहित्यिक मित्र नेहमी घेतात. बोन्साय हीच मुळात क्रूरता, असे ते म्हणतात. ज्यांच्या ताटातील द्राक्षांच्या वेलीची नाशकात वर्षातून दोनदा छाटणी होते, ज्यांच्या पेल्यातील चहाचे झाड जन्मभर कमरेएवढे ठेवले जाते, त्यांनी कुंडीतल्या वडासाठी अश्रू ढाळावेत हे आम्हाला नवल वाटते. छाटल्याने झाड मरत नाही. जाणत्या हाताने छाटलेले झाड शतकानुशतके जगते, हे यामाकींच्या पाइनने दाखवले आहे. क्रूरता आहे ती झाडाचा ऋतू हिरावण्यात. त्या क्रूरतेला मात्र आपण माया म्हणतो, आणि ती फुलदाणीशेजारी मांडतो.

आता त्या व्याख्यानाकडे वळू. बृहन्महाराष्ट्रातील मराठी बोन्साय आहे, ही उपमा आम्हाला आता मान्य आहे. वक्त्यांना अभिप्रेत होती त्या अर्थाने मात्र नाही. कुंडी लहान असल्याने झाड मरत नाही. लष्करच्या गल्ल्यांतून दोनशे वर्षे आमची मराठी लहान कुंडीतच जगली, येथले ऊन आणि येथला पाला खाऊन जगली, हिंदीचा वारा अंगावर घेऊन जगली. तिला धोका आहे तो तिला बंद खोलीत नेऊन ठेवण्याचा. संमेलनात मांडायची, टाळ्या घ्यायच्या, आणि वर्षभर घरात, बाजारात, नातवंडांशी बोलताना बाहेर काढायची नाही. जुनिपर मेल्यावरही काही आठवडे हिरवे दिसते, हे ह्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. इतके बोलून उपमा आम्ही सोडून देतो. हा लेख झाडांविषयी आहे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही रीतसर ठराव मांडत आहोत. संमेलन जानेवारीत होते. त्यात सत्काराला जुनिपर देणे बंद करावे. झाडच द्यायचे असेल तर घेणाऱ्यास अंगण किंवा गच्ची आहे काय, हे आधी विचारावे. नसेल तर पुस्तक द्यावे, त्याला कपाटात ठेवले तरी ते मरत नाही. आणि जे झाड द्याल, त्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. झाडाचे नाव, ते थंड प्रदेशाचे की उष्ण, 'घराबाहेर ठेवावे' ही सूचना, आणि माती बोटाने पाहिल्याशिवाय पाणी घालू नये हा इशारा, एवढे चार ओळींत बसते. चिठ्ठी लिहिण्याचे काम आम्ही विनामोबदला करू. शासकीय नोकरीत इतकी परिपत्रके लिहिली. एखादे झाडाच्या बाजूने लिहायला मिळावे.

वाचकांपैकी ज्यांच्या दिवाणखान्यात आज एखादे जुनिपर असेल, त्यांनी हा अंक बाजूला ठेवावा आणि आधी उठावे. खोलीतल्या उबेतून झाड एकदम पाल्यात ढकलू नये. चार-आठ दिवस पडवीत ठेवावे, मग बाहेर न्यावे. कदाचित उशीर झाला असेल. आमच्या बाबतीत झाला होता. पण साल खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर त्या झाडाची बाजू अजून ऐकून घेता येईल.